एडगर कॉड: रिकाम्या रकान्याचा विचार करणारा माणूस

मोबाईलवर जुन्या ऑर्डर्स बघताना मागे सर्व्हरवर दोन-तीन टेबलं एकमेकांशी जोडली जात असतात. ही कल्पना मांडली एडगर कॉड यांनी. मी त्यांच्याबद्दल वाचायला लागलो ते माझ्या एका चुकीमुळे.

नोकरीचं पहिलं वर्ष. शिष्यवृत्तीच्या ज्या अर्जदारांची बँकेची माहिती अपुरी आहे, त्यांची यादी काढायची होती. एका टेबलात विद्यार्थी, दुसऱ्यात खाती. मी साधा जॉइन लावला आणि खाते क्रमांक रिकामा असलेल्या ओळी काढल्या. यादी छोटीशी आली, मी खूश! पण साधा जॉइन फक्त दोन्हीकडे जुळणाऱ्या ओळी देतो. ज्यांच्या खात्याची नोंदच नव्हती, ती मुलं यादीतून गायब. माहिती भरा असा मेसेज त्यांना गेलाच नाही.

कॉड यांचा जन्म 1923चा, इंग्लंडमधल्या पोर्टलंडचा. ऑक्सफर्डला गणित आणि रसायनशास्त्र शिकले, दुसऱ्या महायुद्धात विमानं चालवली. 1948 मध्ये न्यूयॉर्कला आयबीएममध्ये लागले. 1953 मध्ये मॅकार्थींच्या राजकारणाला कंटाळून कॅनडात गेले, पुढे अमेरिकेत परतले. पीएचडी झाली 1965 मध्ये, म्हणजे चाळिशी उलटल्यावर.

तेव्हा डेटा शोधायचा तर तो कुठल्या वाटेने ठेवलाय हे प्रोग्रॅमरला माहीत असावं लागे. 1970 च्या शोधनिबंधात कॉड यांनी वेगळंच सुचवलं: माहिती साध्या टेबलांत ठेवा, नातं किमतींवरून जोडा, काय हवं ते सांगा, कसं शोधायचं ते मशीन बघेल. आयबीएमचं आधीचं आयएमएस तेव्हा चांगलं चालत होतं, त्यामुळे कंपनीने घाई केली नाही. एसक्यूएल बनवली चेंबरलिन आणि बॉइस या त्यांच्या सहकाऱ्यांनी. कॉड मात्र त्या भाषेच्या चुका शेवटपर्यंत दाखवत राहिले.

माझ्या कामाचा भाग त्यांच्या 1979 च्या निबंधात आहे. नल म्हणजे शून्य नाही, तर माहिती नाही. नलशी तुलना केली की उत्तर हो किंवा नाही येत नाही, माहीत नाही असं येतं. म्हणूनच 'इक्वल टू नल' लिहिलं की एकही ओळ मिळत नाही. न जुळलेली ओळ टाकून न देणाऱ्या आउटर जॉइनचाही विचार त्यात आहे.

मग माझी क्वेरी अशी दुरुस्त झाली: विद्यार्थी डावीकडे, खाती लेफ्ट जॉइनने, आणि वेअरमध्ये खाते क्रमांक 'इज नल'. नोंद नसलेले आणि नोंद अर्धवट असलेले, दोघंही सापडले. राहिलेल्या मुलांना मेसेज गेला, मुदत संपायच्या आत.

कॉड यांना 1981 चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. 18 एप्रिल 2003 रोजी फ्लोरिडात ते गेले. अपुऱ्या नोंदींची यादी छोटी आली की मी आता खूश होत नाही, आधी जॉइन कुठला लावलाय ते बघतो. तुम्हीही बघा!