रमाबाईंच्या प्रवासाचा हिशेब

परदेशी जायचे ठरले की आपल्या घरात पहिला प्रश्न निघतो तो डॉलर-पौंडाच्या भावाचा. तिकडे चहाचा कप हातात घेऊन मनातल्या मनात गुणाकार करणारे मराठी प्रवासी आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत, काहींनी आरशातही. हा गुणाकार आजचा नाही. २० एप्रिल १८८३ रोजी पंडिता रमाबाई मुंबईहून विलायतेच्या बोटीवर चढल्या तेव्हाही तो होताच, आणि वर्षागणिक अवघड होत चालला होता.

त्या काळी रुपया चांदीचा होता आणि पौंड सोन्याचा. १८७१ नंतर जर्मनीने सोन्याचे चलन धरले, अमेरिकेत चांदीच्या नव्या खाणी लागल्या आणि चांदीचा भाव उतरू लागला. एके काळी दोन शिलिंगांच्या घरात असलेला रुपया १८८३ मध्ये साधारण एक शिलिंग साडेसात पेन्सांवर आला. दहा रुपयांचा पौंड सव्वाबारा रुपयांना पडू लागला. मुलाला विलायतेत शिकायला ठेवणारे बाप आणि घरी पैसे धाडणारे इंग्रज साहेब, दोघेही कपाळाला हात लावून बसले होते.

अशा वेळी निघालेली ही बाई पंचविशीतली विधवा. १८५८ चा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्यामागे पायी देश हिंडलेली, आईबाप दुष्काळात गमावलेली, कलकत्त्याच्या पंडितांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलेली. १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी वारले, तेव्हा तान्ह्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यात आल्या आणि आर्य महिला समाज काढला. त्याच वर्षी त्यांचे 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक निघाले. प्रवासाचे पैसे आले ते या पुस्तकाच्या विक्रीतून. मराठी लेखकाच्या मिळकतीवर विलायतवारी! आम्हा लिहिणाऱ्यांना आजही हेवा वाटावा.

भाड्याची सोय झाली, पण तिकडे राहायचे कशावर? पुण्याच्या पंचहौद मिशनमुळे ज्यांची ओळख झाली होती, त्या वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींशी त्यांनी करार केला. हिंदुस्थानात येणाऱ्या भगिनींना रमाबाईंनी मराठी शिकवायचे आणि बदल्यात राहण्या-जेवण्याची व शिक्षणाची सोय घ्यायची. रुपयाचा संबंधच ठेवला नाही. पण ज्याचे अन्न खावे त्याला आपल्यावर हक्क वाटू लागतो. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि मग तर चर्चच्या वडीलधाऱ्यांची आज्ञापालनाची अपेक्षा वाढतच गेली. चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात त्या संस्कृत शिकवीत. तिथे त्यांनी तरुण पुरुषांनाही शिकवावे असा विचार निघाला, तेव्हा बिशपांनी मोडता घातला. रमाबाईंनी पत्रांतून सरळ वाद घातला. त्या उपकाराखाली होत्या, पण वाकल्या नाहीत. मला त्यांच्या साऱ्या विद्वत्तेपेक्षा हे मोठे वाटते.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी. ११ मार्चला फिलाडेल्फियात तो समारंभ झाला. थोडेच दिवस राहायचे म्हणून गेलेल्या बाई जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. बालोद्यानाचे शिक्षण घेतले, गावोगाव व्याख्याने दिली. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि ते हजारोंनी खपले. त्याच डिसेंबरात बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली. शाखा-शाखांतून सभासदांनी दर वर्षी एकेक डॉलर, असा दहा वर्षे द्यायचा.

परकीय चलनाच्या खिडकीमागे मी काही वर्षे काढली आहेत, त्यामुळे इथे कागद-पेन्सिल घेतल्याशिवाय राहवत नाही. रुपया दोन शिलिंगांचा असताना शंभर डॉलरचे झाले असते दोनशे पाच रुपये. जपान, हाँगकाँग करून रमाबाई १८८९ च्या फेब्रुवारीत मुंबईला परतल्या, तेव्हा त्याच शंभराचे तीनशे होत होते. सरकारने जून १८९३ मध्ये लोकांची चांदी टांकसाळीत घेणे बंद केले, तरी घसरण लगेच थांबली नाही. १८९४-९५ मध्ये शंभर डॉलरला पावणेचारशे आले असते. ज्या घसरणीने जाताना मार्ग अडवला, तीच आता विधवांच्या ताटात भर घालत होती. कमाई सोन्याची, खर्च चांदीचा!

११ मार्च १८८९ ला मुंबईत सुरू झालेले शारदा सदन १८९० च्या नोव्हेंबरात पुण्यात आले. पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई जोशी याच सदनाच्या. पण पैसा बॉस्टनचा आणि मुली पुण्याच्या, हे गणित सोपे नव्हते. धर्माबाबत तटस्थ राहण्याचा शब्द दिलेला होता. रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेला मुली बसू लागल्या तेव्हा 'केसरी'ने झोड उठवली. ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. बॉस्टनने मात्र रमाबाईंना साथ दिली. आईबापांची धास्ती खोटी नव्हती, आणि आपल्या प्रार्थनेचे दार का लावू, हा बाईंचा सवालही खोटा म्हणता येत नाही.

डॉलरची मुदत दहा वर्षांची, हे त्या विसरल्या नव्हत्या. सदनाने पुढे आपल्याच उत्पन्नावर चालावे म्हणून त्यांनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली आणि फळझाडे लावली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलीबायकांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, शहरात इतक्या जणींना ठेवणे शक्य नव्हते. झाडांना फळे धरण्याआधीच त्या साऱ्याजणी केडगावच्या शेतावर राहायला गेल्या.