नळ जोडणारा अर्थशास्त्रज्ञ

फिलिप्स वक्र ठाऊक नाही असा अर्थशास्त्राचा विद्यार्थी विरळा. परंतु ज्यांचे नाव त्या वक्राला चिकटले ते गृहस्थ मुळात विजेची कामे करणारे कारागीर होते आणि त्यांची खरी करामत कागदावरची नव्हे, तर पाण्याची होती, हे पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही.

बिल फिलिप्स यांचा जन्म १९१४ साली न्यूझीलंडमधील एका दुग्धव्यावसायिक शेतकऱ्याच्या घरी झाला. शाळा लवकर सुटली. विजेची कामे शिकत, ऑस्ट्रेलियात मगरींची शिकार करीत आणि पुढे जपान व सैबेरियामार्गे प्रवास करीत ते महायुद्धापूर्वी लंडनला पोहोचले. युद्ध पेटल्यावर हवाई दलात शिरले आणि १९४२ मध्ये जावा बेटावर जपान्यांच्या हाती सापडले. साडेतीन वर्षांच्या त्या बंदिवासात त्यांनी चोरून एक रेडिओ जुळविला. तो सापडता तर प्राणांशीच गाठ होती. सहबंद्यांना चहा मिळावा म्हणून पाणी तापविण्याची चिमुकली उपकरणेही त्यांनी तयार केली. रात्री सारेच चहा करू लागले की छावणीतील दिवे मंदावत, आणि पहारेकऱ्यांना कारण उमगत नसे. चिनी बंद्यांकडून ते चिनी भाषाही शिकले.

युद्धानंतर त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये समाजशास्त्रासाठी नाव घातले. पदवी जेमतेम मिळाली. मन गुंतले ते अर्थशास्त्रात. व्याजदर ठरतो तो पैशाच्या साठ्यावरून की बचतीच्या प्रवाहावरून, यावर केन्सचे अनुयायी आणि त्यांचे विरोधक तेव्हा हिरिरीने भांडत होते. यंत्रे हाताळलेल्या माणसाला या भांडणात टाकी आणि नळ दिसले. टाकीतील पातळी आणि नळातील ओघ एकमेकांना सांभाळूनच स्थिरावतात. मग वाद कशाचा?

१९४९ मध्ये घरमालकिणीच्या गॅरेजमध्ये, वॉल्टर न्यूलिन या मित्राच्या साहाय्याने, त्यांनी माणसाहून उंच असे एक यंत्र उभारले. पारदर्शक टाक्या, नळ्या, झडपा आणि रंगीत पाणी. राष्ट्रीय उत्पन्न वरून खाली वाही. वाटेत कर, बचत व आयात यांच्या वाटा फुटत. सरकारी खर्च, गुंतवणूक व निर्यात यांतून पाणी पुन्हा मुख्य प्रवाहात येई आणि पंप ते वर चढवी. उत्पन्नाचे चढउतार लेखणी आपोआप कागदावर रेखाटी. प्राध्यापकमंडळी त्याच वर्षी एका परिसंवादात ते पाहावयास जमली, त्यांतले काही निव्वळ गंमत म्हणून. परंतु यंत्र चालू लागले तेव्हा चेष्टा थांबली. पुढे जेम्स मीड एका विद्यार्थ्याला अर्थमंत्री आणि दुसऱ्याला मध्यवर्ती बँकेचा गव्हर्नर करून या यंत्रासमोर उभे करीत. दोघांनी परस्परांस न विचारता झडपा फिरविल्या की पातळी हेलकावे खाई. विलंबाने दिलेले योग्य औषधही रोग वाढविते, हे इतक्या स्वच्छपणे शिकविणारे साधन त्या काळी दुसरे नसावे. हार्वर्ड आणि केंब्रिजने अशी यंत्रे घेतली. ग्वाटेमालाच्या मध्यवर्ती बँकेनेही एक मागविले.

जेमतेम पदवीधर असलेले फिलिप्स १९५८ मध्ये त्याच संस्थेत प्राध्यापक झाले. त्याच वर्षी त्यांनी ब्रिटनच्या १८६१ ते १९५७ या काळातील बेकारी व वेतनवाढ यांचा संबंध दाखविणारा निबंध प्रसिद्ध केला. ते काम घाईचे होते आणि त्यांना स्वतःला त्याचे फारसे अप्रूप नव्हते. परंतु थोडी महागाई पत्करावी आणि बेकारी घटवावी, असा अर्थ इतरांनी त्यातून काढला आणि सरकारांना तो सोयीचा वाटला. १९७० नंतरच्या दशकात महागाई आणि बेकारी हातात हात घालून वाढल्या, तेव्हा खापर फुटले ते फिलिप्स यांच्या नावावर. त्यांचा खरा ध्यास अस्थिर अर्थव्यवस्था सावरण्याचा होता, आणि तो त्या यंत्रात होता. वक्राने मात्र तो झाकून टाकला.

१९६७ मध्ये ते ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे गेले. तेथे छावणीत शिकलेली चिनी भाषा कामी आली. चीनच्या अर्थव्यवस्थेचा अभ्यास त्यांनी हाती घेतला. १९६९ मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि १९७५ मध्ये ऑकलंडला त्यांचे निधन झाले. त्यांचे एक यंत्र लंडनच्या विज्ञान संग्रहालयात कोरडे उभे आहे. केंब्रिजचे मात्र दुरुस्त करून पुन्हा चालते केले गेले आणि त्यातून पाणी पुन्हा खेळले.