एडिथ हेड : आठ ऑस्कर आणि श्रेयाचा प्रश्न

आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘नटोरियस’ (१९४६) या हेरपटात इन्ग्रिड बर्गमन सुरुवातीला झेब्र्यासारख्या पट्ट्यांचा ब्लाउज घालून पार्टीत वावरते. हेरगिरीचे काम स्वीकारल्यावर तिचे कपडे साधे होतात. हेर लोकांच्या नजरेत भरला तर संपलाच! हे कपडे तयार करणाऱ्या एडिथ हेड यांनी पुढे वेशभूषेची विक्रमी आठ ऑस्कर पटकावली. त्यांच्या कारकिर्दीची सुरुवात मात्र दुसऱ्यांच्या चित्रांवर झाली होती.

शिक्षिका हॉलिवूडमध्ये कशी पोहोचली?

२८ ऑक्टोबर १८९७ रोजी कॅलिफोर्नियात जन्मलेल्या एडिथ शाळेत फ्रेंच शिकवत. चित्रकलाही शिकवावी लागल्याने त्यांनी कलावर्गात नाव घातले. १९२४ मध्ये पुढे ‘पॅरामाउंट’ झालेल्या स्टुडिओत रेखाटनकाराची जागा निघाली. एडिथ यांनी वर्गातल्या इतर विद्यार्थ्यांची चित्रे गोळा करून स्वतःची म्हणून दाखवली आणि नोकरी मिळवली. ही लबाडी त्यांनी नंतर स्वतःच कबूल केली. पुढे खऱ्या मेहनतीने काम शिकून १९३८ मध्ये त्या वेशभूषा विभागाच्या प्रमुख झाल्या.

पडद्यावरचे कपडे बाजारात कसे आले?

‘द जंगल प्रिन्सेस’ (१९३६) मध्ये डोरोथी लामूरने नेसलेल्या सारॉंगची अमेरिकेत फॅशनच आली. ‘अ प्लेस इन द सन’ (१९५१) मधील एलिझाबेथ टेलरच्या पांढऱ्या गाऊनच्या नकला दुकानांत विकल्या गेल्या. टीव्हीवरही एडिथ गृहिणींना काय शोभेल याचे सल्ले देत.

‘सॅब्रिना’वरून वाद का झाला?

‘सॅब्रिना’ (१९५४) मध्ये ऑड्री हेपबर्नचे गाजलेले कपडे पॅरिसच्या ह्युबेर द जिव्हाँशी यांचे होते. श्रेयनामावलीत त्यांचे नाव नव्हते. ऑस्कर एकट्या एडिथ यांना मिळाले आणि ते स्वीकारताना त्यांनी जिव्हाँशींचा उल्लेखही केला नाही. विभागात कुणीही काम केले तरी पडद्यावर प्रमुखाचे नाव झळकण्याची तेव्हा रीत होती. तरीही हा डाग त्यांच्या नावावरून पुसला गेला नाही.

मग त्यांचे स्वतःचे कौशल्य कोणते?

कथेसाठी कपड्यांना राबवणे. हिचकॉक यांच्याच ‘टोपाझ’ (१९६९) मध्ये क्युबातली हेर हुआनिता गोळी लागून कोसळते, तेव्हा तिचा जांभळा गाऊन फरशीवर रक्तासारखा पसरत जातो. गाऊनला बांधलेले दोरे कॅमेऱ्याबाहेरून ओढून हा परिणाम साधला होता.

शेवटचे काम

‘डेड मेन डोन्ट वेअर प्लेड’ या विनोदी रहस्यपटात ‘नटोरियस’सह अनेक जुन्या चित्रपटांचे तुकडे नव्या दृश्यांत गुंफले होते. जुन्या-नव्या कपड्यांत फरक दिसू नये, ही जबाबदारी एडिथ यांच्यावर होती. काम जितके चोख, तितके ते कुणाच्या लक्षात येणार नव्हते. २४ ऑक्टोबर १९८१ रोजी त्यांचे निधन झाले. १९८२ मध्ये प्रदर्शित झालेला हा चित्रपट त्यांच्या स्मृतीस अर्पण करण्यात आला. या वेळी श्रेयाबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती.