मुलीच्या बारशाला दारू न देणारा बाप : गाडगेबाबांच्या आयुष्यातली एक पंगत

२० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी. त्यानंतर अकराच दिवसांनी थर्टी फर्स्ट येतो, मग जत्रा आणि लग्नसराई. बाबा म्हटलं की हातातला खराटा आणि डोक्यावरचं गाडगं डोळ्यांपुढं येतं. पण खराटा हाती घेण्याच्या कितीतरी आधी, चारचौघांसारखा संसार करताना, त्यांनी घरच्या एका कार्यात जे केलं ते गावात खराटा मारण्यापेक्षा अवघड होतं.

बाबांचं मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, परीट समाजातला. वडील झिंगराजी दारूपायी गेले. तेव्हा डेबूजी जेमतेम आठ वर्षांचे होते. आई सखुबाई पोराला घेऊन माहेरी आली. मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाच्या घरी डेबूजी गुरं राखत, नांगर धरत मोठे झाले.

वडिलांचं पिणं काही गुत्त्यावरून सुरू झालं नव्हतं. त्या काळी समाजात देवाला बकरं आणि दारू दाखवायची रीतच होती. देवापुढं ठेवलेली दारू प्रसाद म्हणून सगळ्यांनी घ्यायची. मूल झालं, लग्न झालं, कोणी वारलं, तरी पाव्हण्यांना दारू पाजावीच लागे. नको म्हणणारा देवाचाही गुन्हेगार आणि भाऊबंदांचाही. अशा रीतीतून माणूस सणाला प्यायला लागतो आणि पुढं सण नसला तरी पितो. झिंगराजींच्या घराची धूळधाण अशीच झाली.

१८९२ साली कुंताबाईंशी डेबूजींचं लग्न झालं. पुढं मुलगी झाली, आलोका. बारसं ठरलं. रीतीप्रमाणं सोयऱ्याधायऱ्यांना मटण आणि दारू द्यायची होती. ती दिली नाही तर लोक नावं ठेवणार, जातीत बोलणं होणार हे उघड होतं. डेबूजींनी ते पत्करलं. पंगतीला गोडाचं जेवण वाढलं, मटण नाही आणि दारूचा थेंबही नाही. नात्यागोत्यात नाराजी झाली, पण डेबूजी बधले नाहीत.

आपण स्वतः न पिणं एकवेळ जमतं. पोट बिघडलंय, गोळ्या चालू आहेत, असं काहीतरी सांगून सुटता येतं. पण आपल्याच दारी कार्य असताना पाव्हण्याला पाजायची नाही, यात घरच्या माणसाची इज्जत पणाला लागते. आजही हळदीच्या रात्री पोरांची सोय केली का, हे पोरीच्या बापालाच विचारतात. शेतमालाला भाव नसला तरी त्या सोयीचे पैसे कुठून तरी उभे करावे लागतात. डेबूजींनी नेमक्या याच ठिकाणी पाय रोवला. आणि एखाद्या म्हाताऱ्या महाराजानं हे केलं असतं तर लोकांनी ऐकूनही घेतलं असतं. इथं मामाच्या आश्रयाला वाढलेला तरुण शेतकरी होता, पाठीशी ना पैसा ना मान.

१ फेब्रुवारी १९०५ ला त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात काठी आणि गाडगं. भातकुली तालुक्यात पूर्णा नदीकाठी ऋणमोचनला पौषातल्या रविवारी यात्रा भरते. तिथं ते यात्रेकरूंसाठी राबायचे, आंधळ्या-पांगळ्यांना जेवू घालायचे. पुढं तिथं घाटही बांधला गेला.

त्यांचं कीर्तन म्हणजे वऱ्हाडी बोलीतली सवाल-जवाबाची बैठकच. बकरं कापून देव पावतो का, कर्ज काढून सण कशाला, दारूनं कोणाचं घर वर आलं, असले प्रश्न ते समोरच्यांनाच विचारायचे आणि लोक आपल्याच तोंडानं उत्तर द्यायचे. त्यात पिणारेही बसलेले असत. दारूवर त्यांचा राग होता. पण पिणाऱ्याच्या घरातलं पोर म्हणून काय भोगावं लागतं ते त्यांनी स्वतः भोगलं होतं.

पंढरपूर, नाशिक, मुंबई इथं त्यांनी लोकवर्गणीतून धर्मशाळा उभ्या केल्या, पण आपल्या कुटुंबाला त्यात हक्क ठेवला नाही. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीकडे येताना वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात गाडीतच त्यांनी प्राण सोडला. समाधी अमरावतीत गाडगेनगरला आहे.