कातडीचे थर उलगडणारा डॉक्टर : मार्चेल्लो माल्पिगी

अकरावी-बारावीला जीवशास्त्र घेतलेल्यांना झुरळाच्या पोटातल्या ‘माल्पिघी नलिका’ आठवत असतील. मूत्रपिंडातही याच नावाचे भाग आहेत आणि आपल्या कातडीतल्या एका थरालाही हेच नाव आहे. परीक्षेपुरतं नाव पाठ झालं, माणूस मात्र मागेच राहिला. आज कोलॅजेनच्या क्रीमवर लोक सढळ हाताने पैसे खर्च करताहेत. पण वरून लावलेलं आत कुठवर जातं, हे विचारण्याआधी कातडीच्या आत काय आहे, ते कुणीतरी बघायला हवं होतं. ते काम सतराव्या शतकातल्या या इटालियन डॉक्टरने केलं.

बांधाचं भांडण आणि शिक्षण

मार्चेल्लो माल्पिगी यांचा जन्म १६२८ चा, इटलीतल्या बोलोन्या शहराजवळच्या क्रेवालकोरे गावचा. त्याच वर्षी इंग्लंडचे विल्यम हार्वी यांनी रक्त शरीरात गोल फिरतं, हे सांगणारं पुस्तक छापलं. तो योगायोग पुढे माल्पिगींच्या आयुष्यात महत्त्वाचा ठरला.

घर खातंपितं, शेतीवाडीचं. पण शेजारच्या स्बाराल्या घराण्याशी जमिनीच्या हद्दीवरून जुना वाद. आपल्याकडेही बांधाची भांडणं पिढ्यान्‌पिढ्या चालतात, तशातलाच प्रकार. १६४९ मध्ये आई-वडील दोघेही गेले आणि थोरला म्हणून घराचा भार मार्चेल्लोवर पडला. तरीही १६५३ मध्ये त्यांनी बोलोन्या विद्यापीठातून डॉक्टरकीची पदवी मिळवली.

१६५६ मध्ये ते पिसाला प्राध्यापक म्हणून गेले. तिथे बोरेल्ली नावाच्या गणितज्ञाशी त्यांची मैत्री जमली. जुन्या ग्रंथांत लिहिलंय म्हणून खरं मानायचं नाही, स्वतः बघायचं, ही सवय या मैत्रीत पक्की झाली. पण पिसाची हवा मानवली नाही आणि १६५९ मध्ये ते परतले. त्याच वर्षी वादाने रक्त सांडलं. माल्पिगींच्या भावाच्या हातून स्बाराल्यांचा थोरला मुलगा मारला गेला. या वैराने त्यांचा पिच्छा पुढे कधीच सोडला नाही.

बेडकाच्या फुप्फुसातलं उत्तर

हार्वी यांच्या सिद्धांतात एक जागा रिकामी होती. धमन्यांतून गेलेलं रक्त शिरांत येतं कसं, ते कुणालाच दिसलं नव्हतं. हार्वी १६५७ मध्ये वारले, तोवर उत्तर सापडलेलं नव्हतं. १६६१ मध्ये माल्पिगींनी बेडकाचं पातळ, आरपार दिसणारं फुप्फुस सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि धमनी व शीर यांना जोडणारं बारीक वाहिन्यांचं जाळं त्यांना दिसलं. याच केशवाहिन्या. हा शोध त्यांनी बोरेल्लींना लिहिलेल्या दोन पत्रांतून जाहीर झाला.

बैलाच्या जिभेवरून माणसाच्या कातडीकडे

१६६२ मध्ये बोरेल्लींच्या शिफारशीने त्यांना सिसिली बेटावरच्या मेस्सिना शहरात नोकरी मिळाली. तिथल्या चार वर्षांत कातडीचं काम झालं. सुरुवात जिभेपासून झाली. बैलाची जीभ उकडायची, वरचं आवरण अलगद सोलायचं आणि खाली काय आहे ते बघायचं. खाली त्यांना बारीक बारीक उंचवटे दिसले. चव तिथेच कळत असणार, असा त्यांनी तर्क केला. मग स्पर्श कसा कळतो? त्याच रीतीने ते कातडीकडे वळले.

१६६५ मध्ये त्यांनी कातडीवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. सगळ्यात वर निर्जीव, टणक पापुद्रा. सगळ्यात खाली जाड, चिवट, खरी कातडी. आणि या दोहोंच्या मध्ये एक मऊ, जाळीसारखा थर. हाच पुढे ‘माल्पिगी थर’ म्हणून ओळखला गेला. बाह्यत्वचेच्या नव्या पेशी इथेच तयार होतात, हे कळायला मात्र अजून बराच काळ जायचा होता.

याच अभ्यासात आणखी एक मोठी गोष्ट होती. काळ्या वर्णाच्या माणसाचा रंग फक्त त्या मधल्या पातळ थरात असतो आणि खालची कातडी गोऱ्या माणसासारखीच पांढरी असते, हे त्यांनी नोंदवलं. वर्णावरून माणसाची किंमत ठरवणाऱ्या त्या जमान्यात हा फरक एका पापुद्र्याइतकाच निघाला.

याचा रोग्याला काय उपयोग?

पुढे माल्पिगी बोलोन्याला परतले. १६६६ मध्ये मूत्रपिंड, यकृत, प्लीहा यांच्यावरचं पुस्तक आलं. १६६९ मध्ये रेशीमकिड्यावरचा ग्रंथ लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. झुरळातल्या त्या नलिका माल्पिगींनी पहिल्यांदा पाहिल्या त्या या रेशीमकिड्यातच.

बाहेर मान मिळाला, पण घरच्या गावात विरोध वाढला. १६८४ मध्ये घराला आग लागून सूक्ष्मदर्शक आणि कागदपत्रं जळाली. १६८९ मध्ये त्याच वैरी घराण्यातले डॉक्टर, जोवान्नी जिरोलामो स्बाराल्या, यांनी थेट हल्ला चढवला. असलं बारीक निरीक्षण करून एक तरी रोगी बरा होतो का, असा त्यांच्या लिखाणाचा रोख होता.

वैर बाजूला ठेवलं तर प्रश्न खोटा नव्हता. केशवाहिन्या दिसल्या म्हणून तेव्हा कुणाचा ताप उतरला नव्हता. माल्पिगींचं म्हणणं असं, की शरीराची रचना ठाऊक नसेल तर उपचार म्हणजे अंधारात चाचपडणं. १६९१ मध्ये पोप बारावे इनोसंट यांनी त्यांना आपले वैद्य म्हणून रोमला बोलावलं. नोव्हेंबर १६९४ मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं. स्बाराल्यांना दिलेलं त्यांचं उत्तर १६९७ मध्ये, मरणानंतर छापून आलं.

आज तो वाद कुठे आहे?

त्यांनी ‘खरी कातडी’ म्हटलेला खालचा जाड थर म्हणजे आजची अंतस्त्वचा. पाण्याचा अंश वगळला तर तिचा सर्वांत मोठा भाग कोलॅजेनच्या धाग्यांचा असतो. हे धागे तिथल्याच पेशी तयार करतात. वय वाढतं तसे ते कमी होतात, विस्कटतात आणि सुरकुत्या पडतात. मग वरून कोलॅजेन लावून भर का घालू नये?

हे तपासायची आजची रीत माल्पिगींच्याच वाटेवरची आहे. पदार्थाला चमकणारा रंग जोडायचा, तो कातडीवर लावायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली चमक कोणत्या थरापर्यंत पोचली ते बघायचं. कातडीतून सहज आत शिरणारे रेणू साधारण ५०० डाल्टनपेक्षा लहान असतात. अख्खा कोलॅजेन रेणू सुमारे ३ लाख डाल्टनचा. तो वरच्या निर्जीव पापुद्र्यावरच अडतो. तिथे ओलावा धरतो, कातडी मऊ लागते, इतकंच. अंतस्त्वचेची भर त्याने होत नाही. कोलॅजेनचे बारीक तुकडे केले तर ते किती आत जातात, हेही असंच थर बघूनच ठरवावं लागतं.

म्हणून स्बाराल्यांच्या प्रश्नाचं उत्तर आज साध्या भाषेत देता येतं. कोणतं औषध वरून लावून चालेल आणि कोणतं सुईनेच द्यावं लागेल, हे ठरवताना डॉक्टर कातडीचे थर ध्यानात घेतात. बाटलीवर काय छापलंय यापेक्षा भिंगाखाली काय दिसतं, त्यावर विश्वास ठेवायची सवय माल्पिगींनी लावली. क्रीम विकत घेतानाही ती कामाला येते.