योहान हाइनरिख पेस्टालोझी
योहान हाइनरिख पेस्टालोझी (१२ जानेवारी १७४६ – १७ फेब्रुवारी १८२७) हे स्वित्झर्लंडमधील शिक्षणतज्ज्ञ, लेखक व समाजसुधारक होते. प्राथमिक शाळेच्या वर्गात मुलांनी पाठांतराऐवजी प्रत्यक्ष अवलोकनातून शिकावे, या विचाराला त्यांनी अध्यापनपद्धतीचे रूप दिले. आधुनिक प्राथमिक शिक्षणाच्या प्रवर्तकांमध्ये त्यांची गणना होते.

बालपण व शिक्षण

पेस्टालोझी यांचा जन्म झुरिक येथे झाला. शस्त्रवैद्य असलेले त्यांचे वडील १७५१ मध्ये निवर्तले. त्यानंतर आई व घरातील एकनिष्ठ सेविका यांनी तुटपुंज्या मिळकतीत मुलांचा सांभाळ केला. आजोबा खेड्यात धर्मोपदेशक होते. त्यांच्याबरोबर हिंडताना ग्रामीण भागातील दारिद्र्य पेस्टालोझींच्या दृष्टीस पडले. विद्यार्थिदशेत रूसोच्या ‘एमिल’ या ग्रंथाचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. शिक्षण अर्धवट सोडून ते शेतीकडे वळले आणि १७६९ मध्ये आना शुल्टहेस यांच्याशी विवाहबद्ध झाले.

नॉयहोफ

आरगाऊ प्रदेशातील बिर गावाजवळ त्यांनी ‘नॉयहोफ’ ही शेतवाडी वसवली. परंतु शेती तोट्यात गेली. १७७४ च्या सुमारास त्यांनी तेथेच गरीब मुलांसाठी शाळा सुरू केली. मुलांनी सूतकताई, विणकाम व शेतीकाम करावे, त्याबरोबरच वाचन आणि हिशेब शिकावा व स्वतःच्या श्रमावर शाळेचा खर्च भागवावा, अशी ही योजना होती. मुलांच्या श्रमातून तो खर्च निघेना. पत्नीच्या पैशाचा मोठा भाग खर्ची पडला आणि १७८० मध्ये शाळा बंद झाली. पुढील सुमारे १८ वर्षे त्यांनी प्रामुख्याने लेखन केले. ‘लीनहार्ड व गर्ट्रूड’ या कादंबरीच्या १७८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या भागाने त्यांना मोठी कीर्ती मिळवून दिली. आपल्या घरात मुलांना वळण लावणारी एक सामान्य स्त्री तिची नायिका आहे.

स्टान्स

सप्टेंबर १७९८ मध्ये फ्रेंच सैन्याने निडवाल्डन येथील उठाव चिरडला आणि अनेक मुले अनाथ झाली. त्यांच्यासाठी स्टान्स येथील मठाच्या इमारतीत उघडलेल्या आश्रमाची जबाबदारी सरकारने पेस्टालोझी यांच्यावर सोपवली. त्या वेळी त्यांचे वय ५२ वर्षांचे होते. सुमारे ८० मुले आणि मदतीला एक गृहव्यवस्थापिका, एवढ्यावर त्यांनी काम चालवले. पेस्टालोझी प्रोटेस्टंट, तर तो प्रदेश कॅथलिक असल्याने स्थानिकांचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. पुस्तके व शिक्षक यांच्या अभावी मोठी मुले लहानांना शिकवीत. जून १७९९ मध्ये इमारतीत लष्करी रुग्णालय आल्याने आश्रम बंद करावा लागला. अवघ्या काही महिन्यांचा हा अनुभव त्यांच्या पुढील पद्धतीचा पाया ठरला.

बुर्गडोर्फ व इव्हेर्दों

त्यानंतर बुर्गडोर्फ येथील किल्ल्यात त्यांनी शाळा व शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू केले. १८०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गर्ट्रूड आपल्या मुलांना कसे शिकवते’ या ग्रंथात त्यांनी आपली पद्धत मांडली. किल्ला रिकामा करावा लागल्यावर त्यांचे कार्य इव्हेर्दों येथे स्थिरावले. ही संस्था १८२५ पर्यंत चालली. फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी तेथे काही काळ वास्तव्य केले. प्रशियाच्या सरकारने तरुण शिक्षकांना शिकण्यासाठी तेथे पाठवले. भूगोलज्ञ कार्ल रिटर व समाजसुधारक रॉबर्ट ओवेन यांनीही संस्थेला भेट दिली.

अध्यापनपद्धती

त्या काळच्या बहुतेक शाळांत मुले धर्मप्रश्नोत्तरी व प्रार्थना मुखोद्गत करीत. अर्थ समजला की नाही, याला महत्त्व नसे. पेस्टालोझी यांनी प्राथमिक शिक्षणाची मांडणी संख्या, आकार व भाषा या तीन मूलतत्त्वांवर केली. समोरील वस्तू किती आहेत, त्यांचा आकार कसा आहे आणि त्यांना काय म्हणतात, हे मुलाने क्रमाने जाणावे, असे ते मानत.

गणिताचा आरंभ खडे व घेवड्याच्या बिया मोजण्यापासून होई. पुढे ठिपके व रेषांचे तक्ते येत. अंकचिन्हे त्यानंतर शिकवली जात. तोंडी हिशेबावर विशेष भर असे. रेषा, कोन व चौकोन पाटीवर काढून हाताला वळण लागले की लेखनाला सुरुवात होई. भूगोलासाठी इव्हेर्दोंची मुले जवळच्या ब्यूरॉन ओढ्याच्या खोऱ्यात जात, तेथील माती आणून वर्गात त्या खोऱ्याची प्रतिकृती घडवत आणि मगच त्यांना नकाशा दाखवला जाई. बुद्धी, भावना व हस्तकौशल्य यांचा समतोल विकास हे या पद्धतीचे ध्येय होते.

टीका

पेस्टालोझी यांच्याच विनंतीवरून नेमलेल्या समितीने १८०९ मध्ये इव्हेर्दोंच्या शाळेची पाहणी केली. तिच्या अहवालात गणिताला दिलेल्या अवाजवी महत्त्वावर टीका होती. शब्द व संख्यांचे तक्ते वारंवार म्हणून घेतल्याने अवलोकनाची पद्धतही पुन्हा घोकंपट्टीकडे झुके, हा आक्षेपही घेतला जातो. संस्थेला खर्च भागवण्यासाठी शुल्क देणाऱ्या मुलांवर अवलंबून राहावे लागले. त्यामुळे गरिबांच्या शाळेचा मूळ उद्देश मागे पडला. समग्र ग्रंथांच्या विक्रीतून मिळालेल्या पैशातून त्यांनी १८१८ मध्ये क्लँडी येथे गरीब मुलांसाठी पुन्हा शाळा काढली. तीही फार काळ स्वतंत्रपणे टिकली नाही.

अखेरचा काळ व वारसा

एकुलता मुलगा १८०१ मध्ये, तर पत्नी १८१५ मध्ये मृत्यू पावली. सहकाऱ्यांतील तीव्र मतभेदांमुळे इव्हेर्दोंची संस्था मोडकळीस आली आणि ती बंद करून पेस्टालोझी नॉयहोफला परतले. ब्रुग येथे त्यांचे निधन झाले. इच्छेनुसार त्यांचे दफन बिर येथील शाळेजवळ करण्यात आले.

त्यांच्या प्रमुख शाळा त्यांच्या पश्चात टिकल्या नाहीत. त्यांची पद्धत मात्र शिष्यांमार्फत युरोप व अमेरिकेतील वर्गांत पोहोचली. मोजण्यासाठी मण्यांचा वापर, वस्तुपाठ, परिसरापासून सुरू होणारा भूगोल आणि मूर्ताकडून अमूर्ताकडे नेणारी पाठांची रचना यांत त्यांच्या विचारांचा प्रभाव दिसतो. दुसऱ्या महायुद्धातील अनाथ मुलांसाठी १९४६ मध्ये स्वित्झर्लंडमधील ट्रोगेन येथे वसवलेल्या बालग्रामाला पेस्टालोझी यांचे नाव देण्यात आले.