नागपूर ते राजनांदगाव : एका प्रवासाने पालटलेले आयुष्य

मुंबई-हावडा मार्गावरील गाड्या आजही नागपूर सोडून गोंदिया, डोंगरगडमार्गे राजनांदगावकडे रोज धावतात. याच वाटेवर १८९३ साली एका गाडीच्या डब्यात मराठी साहित्याच्या आणि मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासाला वळण देणारी एक भेट घडली. एका बाकावर होते बत्तिशीच्या आत-बाहेरचे एक कोकणस्थ ब्राह्मण शास्त्री, समोर एक गोरे पाद्री. ते शास्त्री म्हणजे पुढे रेव्हरंड टिळक म्हणून ओळखले गेलेले कवी नारायण वामन टिळक.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. आईवर त्यांचा अतोनात जीव होता. तिच्या मृत्यूनंतर लहान वयातच त्यांनी घर सोडले आणि नाशिक गाठले. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृतचे अध्ययन झाले. १८८० मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मनुताईंशी विवाह झाला. याच पुढे लक्ष्मीबाई टिळक. संसार सुरू झाला, परंतु टिळकांचे पाऊल एका ठिकाणी टिकणारे नव्हते. शिक्षकी, कीर्तन, पुराणकथन असे नाना उद्योग करीत ते गावोगाव भटकले. कित्येकदा घरी न सांगताच निघून जात. हाती आलेला पैसा दारी आलेल्या गरजवंताला देऊन रिकाम्या हाताने घरी परतणे, हाही त्यांचा नित्याचा परिपाठ. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये या भोळ्या दातृत्वाचे आणि त्यापायी झालेल्या ओढाताणीचे अनेक प्रसंग आले आहेत.

१८९१च्या सुमारास ही भटकंती त्यांना नागपुरात घेऊन आली. येथील धनिक आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांना संस्कृत ग्रंथांचे काम मिळाले. ‘ऋषी’ नावाच्या धार्मिक मासिकाचे संपादनही त्यांच्याकडे आले. धर्मविषयक प्रश्नांचा सखोल विचार करण्यास नागपूरच्या वास्तव्यात त्यांना प्रथमच उसंत लाभली. मात्र या विचारातून समाधान लाभण्याऐवजी अस्वस्थताच वाढली. जातिभेदाने पोखरलेला समाज त्यांना सलत होता. ईश्वर सर्वांचा पिता असेल, तर माणसामाणसांत उच्चनीचता कशी, हा प्रश्न त्यांची पाठ सोडीना. देशाला उभारी देणारा एखादा नवा धर्मच स्थापावा, इथपर्यंत त्यांची मजल गेली होती.

अशा मनःस्थितीत नोकरीच्या निमित्ताने ते राजनांदगाव संस्थानाकडे निघाले. डब्यातील सहप्रवासी अर्नेस्ट वॉर्ड हे मिशनरी होते. आरंभी काव्याविषयी आणि मग धर्माविषयी दोघांचे बोलणे रंगले. पाद्रीसाहेबांनी वाद घातला नाही की दोष काढला नाही. त्यांनी नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती ठेवली आणि दोन वर्षांत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना ते अर्थातच पटले नाही. परंतु दिलेला शब्द पाळायचा म्हणून त्यांनी वाचन सुरू केले आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते खिळून राहिले. आपल्या मनातील प्रश्नांची उत्तरे त्यांना तेथे सापडू लागली.

उत्तर सापडले, पण त्याची किंमत भयंकर होती. त्या काळी धर्मांतर म्हणजे जात, आप्तेष्ट, घरदार या सर्वांवर पाणी सोडणे. लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्याच्या कडक वातावरणात वाढलेल्या. मुलगा दत्तू अगदी लहान. अनेक महिने मनाशी झगडून अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. वॉर्ड यांनी सांगितलेली मुदत जवळजवळ तंतोतंत भरली. ही वार्ता कळताच लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पती जिवंत असूनही अंतरलेला, अशा विचित्र अवस्थेत त्यांनी मुलासह पंढरपूर आणि इतरत्र नातलगांच्या आधाराने सुमारे पाच वर्षे काढली. टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही, दुसरा विवाहही केला नाही. ते पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. पुढे लक्ष्मीबाई अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) पतीकडे आल्या. प्रारंभी त्यांनी सोवळे पाळून वेगळा स्वयंपाकही केला. हळूहळू जातिभेदाची जळमटे त्यांच्या मनातून स्वतःहून गळून पडली आणि मग त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

नगर ही टिळकांची कर्मभूमी ठरली. अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी अध्यापन केले. दुष्काळ आणि प्लेगच्या त्या वर्षांत पती-पत्नींनी निराधार मुलांना घरात थारा दिला, आजाऱ्यांची शुश्रूषा केली. ‘बालकवी’ म्हणून पुढे गाजलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे हेही काही काळ या घरी राहिले. १९०४ मध्ये टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले.

धर्म बदलला तरी टिळकांनी माती बदलली नाही. परकी चाल आणि भाषांतरित शब्द यांत अडकलेली मराठी ख्रिस्ती उपासना त्यांनी ओवी, अभंग आणि कीर्तनाच्या वाटेवर आणली. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तचरणी पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. त्यांची भजने मराठी चर्चमध्ये आजही गायिली जातात. ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून ते सर्वच मराठी वाचकांचे झाले.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि ख्रिस्ती संन्याशाच्या वृत्तीने साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ आरंभिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा सर्वांनाच त्यात प्रवेश होता. हा प्रयोग मूळ धरण्याआधीच, ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देहाचे दफन न करता दहन करण्यात आले.

‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य अकरा अध्यायांशी थांबले होते. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. शाळेची पायरी न चढलेल्या, एकेकाळी पतीच्या धर्मांतराने उन्मळून पडलेल्या या बाईंनी त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली. अखेरचा अध्याय मुलगा देवदत्त यांच्या हातून पूर्ण झाला. रेल्वेच्या डब्यात हाती पडलेल्या एका पुस्तकाने ज्या कुटुंबाची ताटातूट केली, त्याच पुस्तकातील कथा तिघांनी मिळून मराठीत गायिली.